तांब्याची कळशी माळ्यावर गेली तेव्हा

केस मुठीने गळायला लागले म्हणून मी रक्ततपासणीचं पॅकेज घेतलं. सॅम्पल न्यायला आलेल्या मुलाने फॉर्म भरताना विचारलं, "मॅडम, कोई दवाई चल रही है?" मी म्हटलं, नहीं. समोर सासूबाई बसल्या होत्या, हे खरं. पण त्या नसत्या तरी मी नाहीच म्हटलं असतं. गर्भनिरोधक गोळी दीड वर्ष घेत होते, पण ते 'औषध' आहे असं कधी डोक्यातच आलं नाही.

रिपोर्टमध्ये कॉपर १९६, लाल अक्षरात. वरची मर्यादा १५५. झिंक ६४, तेही लाल. रात्री मोबाइलवर शोधत बसले आणि विल्सन रोगापर्यंत पोचले, म्हणजे ज्यात शरीरात तांबं साचत जातं तो आजार. सासूबाईंना फक्त "तांबं वाढलंय" एवढंच सांगितलं, तर त्यांनी सकाळीच पाण्याची तांब्याची कळशी माळ्यावर चढवली. मी मेडिकलमधून ५० मिलिग्रॅमच्या झिंकच्या गोळ्या आणल्या.

रामबागेतल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहून पहिलाच प्रश्न केला, "पिल्स घेतेस का ग?" मी हळूच हो म्हटलं. मग त्यांनी सेरुलोप्लाझ्मिन नावाची तपासणी सांगितली. रक्तातलं बहुतेक तांबं याच प्रथिनाला बांधलेलं असतं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत ते जास्त बनवतं, म्हणून रक्तातलं एकूण तांबं वाढलेलं दिसतं. विल्सनमध्ये बहुधा उलट असतं, हे प्रथिनच कमी भरतं. माझं ५८ आलं. त्यांनी रिपोर्टच्या पाठीवर पेनाने हिशेब मांडला: या प्रथिनाच्या दर मिलिग्रॅमला साधारण ३.१५ मायक्रोग्रॅम तांबं बांधलेलं असतं, म्हणून ५८ गुणिले ३.१५, म्हणजे जवळपास १८३. १९६ मधून वजा केले, उरलं १३. "हे मोकळं तांबं. काही झालेलं नाही तुला."

झिंकचं कारण तर हसण्यासारखं निघालं. सॅम्पल दिलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, पोहे-जलेबी पोटात होती. खाल्ल्यावर रक्तातलं झिंक खाली येतं. गोळीनेही ते थोडं कमी दिसू शकतं. उपाशीपोटी पुन्हा केलं तर ७६. ५० मिलिग्रॅमवाल्या गोळ्या मात्र त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला लावल्या. इतकं झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर खरोखरच तांबं कमी पडतं म्हणे! बाईला दिवसाला १३.२ मिलिग्रॅम पुरतं. मटकीला मोड आणून खा, म्हणाल्या, मोड आल्यावर धान्यातलं झिंक अंगी जास्त लागतं.

मग पाकीट दाखवलं. माझी माला-डी, २८ गोळ्यांची. शेवटच्या सात चॉकलेटी गोळ्या मी दर महिन्याला कचऱ्यात टाकत होते, "त्या उगीचच्या असतात" असं वाटून. त्या लोहाच्या निघाल्या.

केस? तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता. तापानंतर गळतात, परत येतात.

कळशी मीच खाली काढली, चिंच लावून घासली. सासूबाई म्हणाल्या, "अग, तांबं ना?" मी म्हटलं, "डॉक्टर चालेल म्हणाल्या." पुढचं काही त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.