पुणे ते बेळगाव: दोन मित्र, दोन बाइक आणि कन्याकुमारीचा पहिला दिवस

पुण्याहून कन्याकुमारी सुमारे दीड हजार किलोमीटर. बाइकवर निघणारे बरेच जण पहिल्याच दिवशी हुबळी-दावणगेरे गाठायचा हट्ट धरतात. तो धरू नका. पहिला मुक्काम बेळगावला करा, साधारण 340 किलोमीटरवर. पहिल्या दिवशी बांधलेलं सामान अजून बसायचं असतं आणि दोघांचा वेग एकमेकांशी जमायचा असतो. काही ढिलं पडणार असेल तर ते दिवसाउजेडी, घरापासून जवळ पडलेलं बरं.

चेनची ढील, म्हणजे ती मधोमध किती वर-खाली हलते ते, आदल्या दिवशी तपासा. गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. बहुतेक बाइकना 25 ते 35 मिलिमीटरच्या आसपास. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मग सामान बांधा, एकाने गाडीवर बसा आणि दुसऱ्याने खालून बोटाने चेन वर-खाली करून बघा. वजन पडलं की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर सरकतो, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि मागचं चाक यातलं अंतर वाढतं आणि चेन ताणली जाते. तरीही थोडी ढील उरलीच पाहिजे. ताठ चेन बेअरिंग खाते, फार ढिली असेल तर स्प्रॉकेटवरून उतरते.

टायरमध्ये हवा सकाळी गाडी थंड असतानाच भरा. गाडीवरच्या हवेच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एकट्याचा आणि डबलसीटचा. वीस-पंचवीस किलो सामान असेल तर मागच्या चाकाला डबलसीटचा आकडा धरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात. ते बघून हवा कमी करू नका.

सामानात जड ते खाली आणि पुढे, सीटला चिकटून. मागच्या एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) पलीकडे वजन लोंबलं की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटात हँडल डुलतं. सायलेन्सरच्या बाजूची बॅग टेकत नाही ना, हे मागे वाकून बघा. कापड वितळायला वीस मिनिटंही लागत नाहीत. पट्ट्यांची उरलेली टोकं गाठ मारून खोचून टाका. लोंबणारं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं.

साडेपाचला निघा आणि शनिवार टाळा. महाबळेश्वरची गर्दी सुरूर फाट्यापर्यंत तुमच्याच रस्त्यावर असते आणि खंबाटकी घाटात रांगा लागतात. पहिला थांबा शिरवळ, सुमारे 50 किलोमीटरवर, घाटाच्या अलीकडे. चहा नंतर, आधी सगळ्या पट्ट्या ओढून बघा. एवढ्या अंतरात कपडे दबलेले असतात आणि घट्ट बांधलेली बॅगही दोन बोटं सैल झालेली सापडते.

दोघांनी चालवायचं कसं, हे घरीच ठरवा. ज्याची गाडी हळू, तो पुढे. पुढचा लेनच्या उजव्या भागात, मागचा डाव्या भागात, मध्ये निदान दोन सेकंदांचं अंतर. हत्यारं, पंक्चर किट आणि पंप मागच्याकडे द्या. पुढचा थांबला तर मागचा त्याच्यापर्यंत पोचतोच. मागचा थांबला तर पुढच्याला ते कळायलाच पाच-सात किलोमीटर जातात, पण तेव्हा हत्यारं थांबलेल्याच्याच हातात असतात. चुकामूक झाली तर हायवेवर उलटं फिरायचं नाही. ठरलेल्या पुढच्या थांब्यावर वाट बघायची.

पेट्रोलचा हिशोब ज्याची गाडी कमी अंतर जाते त्याच्या टाकीवर. दहा लिटरची टाकी आणि सामानासकट 35 चं ॲव्हरेज म्हणजे कागदावर 350 किलोमीटर. पण 200 झाले की दोघांनीही एकाच पंपावर भरा. ट्रिप मीटर दोघांचे एकदमच शून्यावर आणा.

साताऱ्यात, 110 किलोमीटरवर, नाश्ता. पुढे कराड ते कोल्हापूर हा दिवसातला सगळ्यात लक्ष देऊन चालवायचा पट्टा. नोव्हेंबरपासून गळीत हंगाम असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हायवेवर येतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, ऊस बाजूने हातभर बाहेर आलेला असतो. रस्त्यावर पडलेला ऊस टायरखाली रुळासारखा फिरतो, त्यावर ब्रेक मारू नका. बेळगावचा मुक्काम धरला की हा पट्टा सकाळच्या उजेडात संपतो. रस्त्याची कामं चालू असतील तिथे जुन्या आणि नव्या थरामध्ये लांबच लांब पायरी असते. तिला समांतर राहून चाक वर चढवायला गेलात तर टायर कडेला घासत राहतो आणि गाडी आडवी होते. वेग कमी करा, थोडं लांबून तिरके या, मगच चढा.

कोल्हापूरला जेवण हलकं ठेवा. तांबडा-पांढरा परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावा असं माझं ठाम मत आहे, कारण कागल सोडल्यावर रस्ता मोकळा होतो, ऊन डोक्यावर असतं आणि झोप नेमकी तिथेच येते. डोळे जड झाले की निपाणीला थांबा, वीस मिनिटं पडा. मग तवंदी घाट. टोलनाक्यांवर दुचाकींना पैसे नसतात. सगळ्यात डावीकडची मोकळी वाट धरा.

दोन-अडीचपर्यंत बेळगाव. खोली घेताना आधी गाड्या लावायची जागा बघा. चेन गरम असतानाच, गाडी मुख्य स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने ल्यूब (चेनचं वंगण) मारा. रात्रभरात ते मुरतं. सकाळी मारलं तर उडून मागच्या टायरवर बसतं. गाडी सरळ उभी ठेवून दहा मिनिटांनी तेलाची पातळी बघा. आरसे, नंबर प्लेट, सायलेन्सर आणि कॅरियर हाताने हलवून बघा, जे हलेल त्याचा बोल्ट आवळा. मग एकमेकांच्या गाड्यांची अदलाबदल करून हेच पुन्हा तपासा. आपल्या गाडीचा रोजचा खडखडाट आपल्या कानाला ऐकू येत नाही, मित्राला येतो.