आमची वाटचाल : रुळांमधलं अंतर

आजोबा इगतपुरीला इंजिन ड्रायव्हर होते. 'खेकडा' हा शब्द त्यांच्या तोंडी कायम असे. 1928 च्या सुमारास स्वित्झर्लंडहून आलेलं, दोन्ही बाजूंना लांब नाक असलेलं ते विजेचं इंजिन. उभं असलं की कण्हायचं, म्हणायचे. वडील, म्हणजे आमचे दादा, बँकरवर होते. कसारा ते इगतपुरी थळ घाटात 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, असा चढ. तिथे गाडीला मागून रेटा देणारं इंजिन ते बँकर. माझं बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये त्या भोंग्यांवरच मोठं झालं.

सातपूरच्या टूलरूममधली नोकरी सोडून मी रेल्वेची मॉडेल्स बनवायला लागलो. पहिला खेकडा तयार झाला तेव्हा अभिमानाने दादांपुढे ठेवला. त्यांनी तो खाली वाकून समोरून पाहिला आणि म्हणाले, "इंजिन आपलं आहे, रूळ आपले नाहीत."

खरं होतं. 1:87 मापाचे, म्हणजे 87 पट लहान, तयार रूळ मिळतात ते 16.5 मिलिमीटरचे, परदेशी 1435 मिलिमीटर गेजसाठी. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपलं ब्रॉडगेज 1676. त्याला 87 ने भागलं की 19.3 येतात. फरक तीन मिलिमीटरचाही नाही, पण आयुष्यभर रुळांकडे बघत आलेल्या माणसाला तो खुपतो. मलाही मग खुपायला लागला.

चाकं, आस, स्लीपर, रूळ जुळवायचे जिग, सगळं नव्याने केलं. आमचं इंजिन बाजारातल्या रुळांवर चालेना, म्हणून बरीच गिऱ्हाइकं गेली. आठ महिने गाळ्याचं भाडं बायकोच्या पगारातून भरलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. नंतर एका ड्रायव्हरच्या निवृत्तीला सहकाऱ्यांनी भेट द्यायला इंजिन मागितलं. आज निम्म्याहून जास्त काम तसंच येतं, आणि गाळ्यात माझ्यासोबत दोन मुलं आहेत.

गेल्या वर्षी घाटाचा चढ बांधला : 3.7 मीटर लांब, 10 सेंटिमीटर उंच. बारा वाघिणी लावल्या तर निम्म्यात चाकं घसरायला लागली. इंजिनात शिसं भरावं म्हणून मी ते उघडायला घेतलं.

"वजन कशाला वाढवतोस?" दादा म्हणाले. "मागून बँकर लाव."

दुसरं इंजिन मागे लावलं. त्याचा कंट्रोलर त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.