निवृत्तीनंतरचा एक शनिवार

जिल्हा न्यायाधीश पदावरून वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर वर्षभराने मला विधी सेवा प्राधिकरणाकडून विचारणा झाली, की राष्ट्रीय लोकअदालतीच्या पॅनेलवर बसाल का. मी लगेच होकार दिला. मग संमतिपत्र, निवृत्तीच्या आदेशाची प्रत, पॅनकार्ड आणि मानधनासाठी रद्द केलेला धनादेश अशी कागदपत्रांची जुळवाजुळव झाली. तीस वर्षे दुसऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांतील चुका काढणारी मी, माझ्याच संमतिपत्रावर तारीख घालायला विसरले आणि लिपिकाने ते अतिशय आदबीने परत पाठवले.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १९ नुसार लोकअदालतीत सेवेतील न्यायिक अधिकाऱ्यांप्रमाणे निवृत्त अधिकारीही बसू शकतात. ठरलेल्या शनिवारी मुलुंडहून लोकलने सीएसएमटीला उतरून मी नगर दिवाणी व सत्र न्यायालयात, म्हणजे फोर्टमधील जुन्या सचिवालयाच्या इमारतीत पोहोचले. गाउन घरी कपाटातच ठेवला होता. आमची बसण्याची व्यवस्था डायसवर नव्हती, तर खाली वकिलांच्या टेबलाशी होती. माझ्यासोबत माझ्या निम्म्या वयाचे एक वकील आणि एक समाजसेविका होत्या.

पहिलेच प्रकरण लालबागच्या दोन चुलतभावांचे होते. दुकानासाठी दिलेल्या अकरा लाखांच्या उसनवारीचा दावा सहा वर्षे पडून होता. सहीची पावती आणि बँकेची नोंद पाहताच माझ्या मनात निकाल तयार झाला आणि सवयीने मी लघुलेखिकेकडे वळून म्हणाले, "वादीने दाखल केलेले दस्तऐवज पाहता..."

शेजारचे वकील हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, इथे निकाल नाही. तडजोड."

मी थांबले. कोण खरे आणि कोण खोटे हे ठरवण्याचा अधिकार लोकअदालतीला नाही आणि पक्षकारांचे एकमत झाले तरच निवाडा होतो, हे मी स्वतः प्रशिक्षणवर्गांत शिकवले होते, पण पुढ्यात फाइल उघडी असताना हात आवरणे किती कठीण जाते, ते त्या दिवशी कळले.

घोडे व्याजावर अडले असावे असा माझा अंदाज होता, पण तो चुकला. प्रतिवादीने पूर्वी दिलेला धनादेश वटला नव्हता, त्यामुळे वादीला त्याचा कागदच नको होता. दुसरा शनिवार असल्याने बँका बंद होत्या, म्हणजे डिमांड ड्राफ्टही शक्य नव्हता. शेवटी प्रतिवादीने मोबाइल काढून तिथल्या तिथे एक लाख रुपये पाठवले. वादीने चष्मा कपाळावर चढवला, संदेश दोनदा वाचला आणि मगच पेन मागितले. उरलेल्या रकमेचे हप्ते ठरले. हप्ता चुकल्यास संपूर्ण बाकी एकदम देय होईल, असे कलम आम्ही आवर्जून घातले, कारण हा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असल्याने त्यावर थेट दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी अंमलबजावणीचा अर्ज, करता येते आणि अपील होत नाही. कोर्ट फी परत मिळणार हे कळल्यावर वादीचा चेहरा आणखी खुलला.

दिवसभरात आमच्यापुढे सत्तावीस प्रकरणे आली आणि सहा मिटली. एका वृद्ध वादीने हात जोडून म्हटले, "तुम्ही जज होतात ना मॅडम, मग तुम्हीच काय तो निकाल देऊन टाका." मला तो देता येत नव्हता.

निवृत्त न्यायाधीशांना पुन्हा कामाला लावण्याची याहून भक्कम सोय उच्च न्यायालयासाठी राज्यघटनेत आहे. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २२४-क नुसार मुख्य न्यायमूर्ती, राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने, निवृत्त न्यायमूर्तींना पुन्हा काम पाहण्याची विनंती करू शकतात. ती विनंतीच असते, कारण संबंधितांच्या संमतीवाचून काहीच होत नाही. बसलेल्या काळापुरते सर्व अधिकार मिळतात, म्हणजे निकाल लिहिता येतो. तरीही २०२१ मध्ये लोकप्रहरी या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आढावा घेतला, तेव्हा या तरतुदीच्या वापराची जेमतेम तीन उदाहरणे समोर आली. पुढे ३० जानेवारी २०२५ च्या आदेशाने प्रलंबित फौजदारी अपिलांसाठी मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुकांची वाट मोकळी केली. मुंबई उच्च न्यायालयात मंजूर पदे ९४ आहेत, म्हणजे मोजकेच जण. जन्मठेपेच्या अपिलात वर्षानुवर्षे तुरुंगात बसलेल्या माणसासाठी ही मोजकी माणसेही थोडी नाहीत, असे मला वाटते. शंका वेगळीच आहे. आम्हाला दालन मिळाले ते शनिवारी ते रिकामे होते म्हणून, आणि शिरस्तेदार (न्यायालयाचे मुख्य लिपिक), लघुलेखिका व पट्टेवाला मिळाले ते त्यांनी सुट्टी सोडली म्हणून. सोमवारी अकरा वाजता हीच माणसे आणि हीच खोली कुठून आणणार?

साडेपाचला दप्तरे पुन्हा लाल कापडात बांधली जाऊ लागली. त्या वृद्ध वादीच्या रोजनाम्यावर, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीवर, मी लिहिले: तडजोड झाली नाही, प्रकरण संबंधित न्यायालयाकडे परत. तोवर ते शिरस्तेदारांच्या टेबलाशी पुढची तारीख विचारत उभे होते.