घराण्याचा इतिहास हवा? मग भावकीची भांडणं शोधा

‘तुम्हाला मोडी येतं ना? मग आमच्या घराण्याची माहिती कुठे मिळेल ते सांगा.’ २०२३ साली कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतही शेजारचा पाहुणा मला हेच विचारतो. मी उलट विचारतो, ‘तुमच्या भावकीत कोर्टकचेरी झाली होती का?’ पाहुण्याचा घास हातातच राहतो. अहो, झाली असेल तर नशीबवान आहात!

त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नावं मिळतात. आजा, पणजा, खापरपणजा. पण ती नावंच. माणसं भेटतात ती दिवाणी दाव्यात.

मला माझी पणजी तिथेच भेटली. घरच्या वंशावळीत ती नाही, कारण वंशावळ पुरुषांची. जमिनीच्या एका जुन्या फेरफारात ‘दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून’ असं लिहिलं होतं, पुढे दाव्याचा नंबर आणि साल. शोधायची ती ही ओळ. ती घेऊन मी नकलेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात ‘इतिहास’ लिहिल्यावर कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. मग मी ते खोडून ‘वारस’ लिहिलं. तिसऱ्या खेपेला कागद हातात आले.

दावा वाटणीचा, शंभर वर्षांपलीकडचा. वादी माझे आजोबा, वय वर्षे ४! ‘अज्ञान, अ.पा.क. आई’, म्हणजे मुलगा अज्ञान, अल्पवयीन, म्हणून त्याच्यातर्फे पालनकर्ती आई. प्रतिवादी तिचा दीर. त्याची कैफियत अशी, की भाऊ हयातीतच हिस्सा घेऊन विभक्त झाला होता, आता देणं काही नाही. त्यावर पणजीची मोडीतली जबानी. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. दीड पान लावायला मला आठवडा लागला. त्यातलं एक वाक्य: ‘चूल येकच होती भाकरी मी थापीत होते.’ घर एकत्र होतं हे सांगायला तिला वकिलाची भाषा लागली नाही.

कोर्टात पुराव्याच्या कागदाला जो नंबर पडतो त्याला ‘निशाणी’ म्हणतात. या कागदावर वर ती निशाणी आहे आणि खाली दुसरी: सही येत नाही म्हणून काढलेली बांगडी. पूर्वी कुणबी नांगर काढायचा, बाई बांगडी. पणजीचं वर्तुळ शेवटी नीट जुळलेलं नाही. तिचा फोटो आमच्याकडे नाही; हे वर्तुळ आहे.

आता, कोर्टात सांगितलं ते सगळं खरं असतं असं मुळीच नाही. दागिने तर दर कैफियतीत वाढतात. ज्यावर कुणीच भांडत नाही ते मी आधी धरतो: बैल किती, विहिरीची पाळी कुणाची, जमिनीची चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय. चतुःसीमेत शेजारी सापडतात, बुजलेले ओढे सापडतात. अख्खं गाव त्या चार ओळींत असतं.

कर्जाचे दावेही बघाच. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले, तेव्हा लोकांचा राग मुख्यतः कर्जाच्या खतांवर, म्हणजे कर्जरोख्यांवर होता. ती त्यांनी जाळली. शोधणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण त्यांना तेच तर हवं होतं! पुढे १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत कोर्टाने कर्जाचा हिशेब मुळापासून तपासायचा, असं ठरलं. त्यामुळे बियाण्याला किती काढले, लग्नाला किती, हे अशा दाव्यांत सापडू शकतं. इंग्रजांच्या आधीचं हवं असेल तर वतनाच्या तंट्यांतले महजर (सभेने दिलेले निवाडे) आणि करीने (पक्षकारांनी लिहून दिलेल्या हकिगती) पाहा; पुण्याच्या पेशवे दफ्तरात जन्म जाईल इतका मोडी कागद आहे.

एक मात्र आधीच सांगतो. कोर्टात निकाल आणि हुकूमनामा जपतात. बाकीचे बरेच कागद मुदत संपली की नष्ट करतात. माझ्या एका मित्राला एवढ्या खटपटीनंतर एकच पान मिळालं. अशा वेळी प्रकरण अपिलात मुंबईला हायकोर्टात गेलं होतं का ते पाहायचं. निकाल महत्त्वाचा ठरला असेल तर १८७६ पासून निघणाऱ्या छापील लॉ रिपोर्टांत असू शकतो. फक्त तिथल्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये स्वतःचं आडनाव ओळखता आलं पाहिजे.

पणजीची जबानी मी त्या दिराच्या पणतूला, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांना, फोनवर वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘निकाल कुणाच्या बाजूने लागला?’

‘आमच्या. अर्धा हिस्सा, विहिरीकडच्या पट्टीसकट.’

‘तरीच,’ भाऊसाहेब म्हणाले, ‘आमच्याकडे त्या विहिरीचं नाव काढायची बंदी होती.’