सरांनी दाखवलेला सिनेमा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला. गॅदरिंग, लेझीम पथक, मुख्याध्यापकांची छडी यावर लिहायला पुष्कळ जण आहेत. मी सरांवरच लिहिणार. कोणते सर, हे आमच्या तुकडीला सांगायला नको.

इतिहासात पहिलं महायुद्ध चालू होतं. सरांनी पदरचे पैसे घालून व्हीसीआर भाड्याने आणला आणि चित्रकलेच्या वर्गात आम्हाला 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' दाखवला. जर्मन लेखक रेमार्कची मूळ कादंबरी पुस्तकरूपात आली १९२९ साली आणि लुई माइलस्टोनचा हा कृष्णधवल सिनेमा लगेच १९३० साली. इंग्रजी आम्हाला काय कळणार? सर टीव्हीशेजारी उभे राहून मराठीत सांगत होते.

सिनेमा सुरू होतो तोच वर्गात. बाहेरून पलटण चाललीय, बँड वाजतोय आणि कान्टोरेक मास्तर देशासाठी मरण्यातला मोठेपणा पोरांना घसा ताणून सांगतायत. पोरं वह्यापुस्तकं भिरकावतात, गाणी म्हणत भरतीला निघतात. आपला भाग साताऱ्याचा, अपशिंग्यासारखी फौजींची गावं इथली. वर्गातली कितीतरी पोरं भरतीसाठी पहाटे पळायला जायची. आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. सर गप्प.

पुढे त्या पोरांतलाच एक, पॉल, आघाडीवरून सुट्टीवर येतो, त्याच वर्गात उभा राहतो. खंदकात आम्ही मरू नये म्हणून धडपडतो, कधीकधी मरतो, एवढंच सांगतो. समोरची नवी पोरं त्याला भेकड म्हणतात. इथे सरांनी टेप थांबवली, मागे घेतली आणि पुन्हा लावली. मास्तरच गुन्हेगार असलेला सिनेमा स्वतःच्या विद्यार्थ्यांना दाखवायचा, यालाही छाती लागते. फौजेत जाऊ नका, असं सर कधीच म्हणाले नाहीत. म्हणाले, "जायचं तर जा. माझं भाषण ऐकून जाऊ नका."

पॉल आपल्या जखमी सोबत्याला, कॅटला, खांद्यावर घेऊन चाललाय आणि नेमके लाइट गेले! सरांनी उरलेली गोष्ट अंधारात सांगितली, पुस्तकातली. १९१८ चा ऑक्टोबर. आघाडीवर इतकं शांत की लष्करी बातमीपत्रात एकच ओळ, पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही. त्याच दिवशी पॉल जातो. तेवढ्यात लाइट आले. पडद्यावर पॉल फुलपाखराकडे हात पुढे करतो, गोळी सुटते, हात पडतो. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, तुम्ही वेगळंच सांगितलंत!"

सरांना इतकं खूश झालेलं मी क्वचितच पाहिलं. "पुस्तकात हे नाही. पण त्याच्या घरी मघाशी फुलपाखरांची पेटी दिसली की नाही?" कोणालाच दिसली नव्हती. मग टेप पुन्हा मागे. तो हात खुद्द माइलस्टोनचा होता, हे मला फार पुढे कळलं. डिसेंबर १९३० मध्ये गोबेल्सच्या माणसांनी बर्लिनच्या थिएटरात पांढरे उंदीर सोडले आणि काही दिवसांत जर्मनीत सिनेमावर बंदी आली, हे मात्र सरांनी त्याच दिवशी सांगितलं. आम्ही उंदरांना हसलो. बंदीचं ऐकून कोणी हसलं नाही.

मी विमा कंपनीतून विभागीय व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. आता आमच्या कॉलनीत फिल्म क्लब चालवतो, महिन्याला एक सिनेमा, बरी गर्दी जमते. याचं सगळं श्रेय त्या भाड्याच्या व्हीसीआरला. चित्रकलेच्या वर्गात आता डिजिटल क्लासरूम झालीय. भिंतभर पडदा आहे, पण त्यावर सिनेमा लावायला पोर्शनमधून वेळ मिळत नाही म्हणे.

याच कादंबरीवरचा २०२२ चा नवा जर्मन सिनेमाही क्लबात लावला. चार ऑस्कर मिळालेत, चित्रण देखणं आहे. पण पॉलचं सुट्टीवर घरी येणंच त्यात गाळलंय. ना तो वर्ग, ना ती पेटी. सर असते तर त्यांनी दिग्दर्शकाला खरमरीत पत्र धाडलं असतं, इंग्रजीत. आणि पोस्टात टाकण्याआधी त्यातलं व्याकरण आम्हाला तपासायला लावलं असतं.