सॉसेज चालतं, आहुती चालत नाही

गुरुजींचा संकल्प सुरू झाला होता. परसात चार विटांवर हवनकुंड, बाजूला समिधा, तुपाची वाटी आणि गोवऱ्या (त्या इथे ऑस्ट्रेलियात भारतीय दुकानात पाकिटात मिळतात, किंमत विचारू नका). तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी विचारलं, "आज टोटल फायर बॅन आहे. ठाऊक आहे ना?"

नव्या घराची वास्तुशांत होती. मुहूर्त आईने साताऱ्याहून काढून पाठवलेला. गुरुजी म्हणजे आठवडाभर बँकेत डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ, त्यांना पुन्हा एखादा शनिवार मिळणं मुश्कील. घरात होम केला की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून तर परसात मांडामांड केली होती.

शेजारी सत्तरीचे आहेत. मी मनातल्या मनात त्यांना अण्णा म्हणते. तीस वर्षं रूरल फायर सर्व्हिसमध्ये, म्हणजे ग्रामीण अग्निशमन दलात, स्वयंसेवक. पगार नाही, पिवळं जाकीट आहे आणि बोलावणं आलं की निघायचं. त्यांनी नियम सांगितला : बंदीच्या दिवशी उघड्यावर लाकूड-कोळसा काहीही पेटवायचं नाही, प्रकरण कोर्टात गेलं तर ५,५०० डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. हे ठीक. पण गॅसचा बार्बेक्यू मात्र चालतो! घरापासून वीस मीटरच्या आत हवा आणि मोठं माणूस शेजारी उभं हवं, अशा काही अटी. म्हणजे सॉसेज खुशाल भाजा, तुपाची आहुती द्यायची नाही.

माझं डोकंच फिरलं. नव्या घरात, पहिल्याच दिवशी, पैठणी नेसून मी कुंपणाशी वाद घातला. आमच्या विधीला किती हजार वर्षं झाली, कुंड केवढंसं, बादलीभर पाणी भरून ठेवलंय, सगळं बोलून झालं. अण्णांनी फक्त मागच्या निलगिरीकडे बोट दाखवलं. खोडावरून सालीच्या वीत-दीड वीत लांब चिंध्या लोंबत होत्या. ती साल पेटली की वाऱ्यावर उडत काही किलोमीटर पुढे जाऊन पडते, आणि पानांत तेल. आमचं हे स्प्रिंगवुड सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत आहे. २०१३च्या ऑक्टोबरात इथे आणि शेजारच्या विनमलीत मिळून दोनशेच्या आसपास घरं जळाली, ती विजेच्या तारेवर झाड पडून.

होम राहिला. पूजा झाली. अण्णांना प्रसादाचा शिरा दिला आणि तिथून खरी चर्चा सुरू झाली.

गंमत अशी की आगीची एवढी धास्ती असलेला हा माणूस हवामानबदल मानत नाही. "शहरातल्या लोकांची फॅडं," म्हणाले. त्यांच्या मते दोष ग्रीनवाल्यांचा, म्हणजे पर्यावरणवाद्यांचा. ते थंडीत जंगल जाळू देत नाहीत, मग पाचोळा साठतो. मला हे निम्मं पटलं. कोकणात राब भाजतात, आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, ते आपण पाहिलेलं आहे. इथले मूळ रहिवासी तर अशी हलकी आग पिढ्यान्‌पिढ्या लावत आले. पण २०१९-२०च्या त्या मोठ्या वणव्यांच्या उन्हाळ्यात अण्णांच्याच दलाचे प्रमुख शेन फिट्झसिमन्स सांगत होते की हे जाळणं महत्त्वाचं असलं तरी रामबाण नाही. शिवाय सुरक्षितपणे जाळण्याजोगे थंड, बिनवाऱ्याचे दिवसच कमी होत चाललेत.

मग अण्णांनी हुकमी पत्ता टाकला : आगी लोकच लावतात, १८३ जण पकडले होते! हा आकडा तेव्हा जगभर फिरला. साताऱ्याच्या आमच्या फॅमिली ग्रुपवरही आला होता. पोलिसांचं मूळ पत्रक मी तेव्हाच वाचलेलं. कारवाई १८३ जणांवर झाली हे खरं, पण मुद्दाम आग लावल्याचा आरोप होता २४ जणांवर. जळती सिगारेट किंवा काडी टाकणारे ४७, आणि फायर बॅन मोडणारे ५३. म्हणजे त्या दिवशी अण्णांनी हाक मारली नसती, तर अशाच एखाद्या यादीत मीही बसले असते, हातात तुपाची वाटी घेऊन.

आणि आमच्या उत्तरेचा गॉस्पर्स माउंटनचा वणवा? तो विजेने लागला. पाच लाख हेक्टरांवर गेला, म्हणजे जवळजवळ निम्मा सातारा जिल्हा. काडी कोणाची हा पोलिसांचा प्रश्न झाला. श्रावणात साताऱ्याच्या यवतेश्वरच्या डोंगरावर काडी टाकून बघा की काय पेटतं ते. २०१९ हे ऑस्ट्रेलियाचं नोंदीतलं सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडं वर्ष होतं. अशा आगीला पोषक हवामानाची शक्यता १९००पासून निदान ३० टक्क्यांनी वाढली, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ग्रेग मलिन्स तर स्वतः आमच्या राज्याच्या, न्यू साऊथ वेल्सच्या, अग्निशमन दलाचे माजी प्रमुख. त्यांनी नि बाकीच्या निवृत्त प्रमुखांनी एप्रिल २०१९मध्येच वणव्यांचा वाढता धोका सांगायला पंतप्रधानांकडे भेट मागितली होती. त्यांचं नाव काढल्यावर अण्णांनी शिरा संपवायला घेतला.

"पण ते हिंदी महासागराचं चक्र होतं," थोड्या वेळाने म्हणाले. तेही खरंच. त्या वर्षी आफ्रिकेकडचा समुद्र तापला, सुमात्राकडचा थंडावला, आणि ऑस्ट्रेलियाचा पाऊस गेला. त्याच चक्राने आपल्याकडे मान्सूनचा मुक्काम लांबला. त्या ऑगस्टात सांगलीत मामाचं घर पाण्यात होतं आणि डिसेंबरात मी सिडनीत धुरात. ऑफिसांतले अलार्म बाहेरच्या धुराने वाजत होते. चक्र जुनं आहे, पण आता ते तापलेल्या पाण्यावर फिरतं, असं मी म्हटलं. अण्णा नुसते हसले.

इथे मला एक सांगायलाच हवं. माझ्या ऑफिसात सगळे हवामानबदल मानणारे. तिथे क्वीन्सलंडमधल्या अदानींच्या कोळसा खाणीवरून मला "तुमचा अदानी" ऐकावं लागतं. मी भडकते. दरडोई कार्बनचा हिशेब काढा म्हणते, कोळसा खणून विकणारा साव आणि घेणारा चोर का? बरोबरच आहे माझं. यंदा माझ्या भारताच्या दोन फेऱ्या झाल्या, पण आई एकटी असते, तो हिशेब वेगळा.

तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन आगी भडकल्या असताना हवाईला सुट्टीवर गेले आणि रेडिओवर म्हणाले, "मी काही पाण्याची नळी धरत नाही." अण्णांचं मत त्यांच्याच पक्षाला असतं.

तीन आठवड्यांनी दोन दिवस चांगला पाऊस झाला. बॅन नाही, वारा नाही, गुरुजींना रविवार मोकळा. अण्णांना विचारूनच कुंड फरशीवर मांडलं. ते पिवळं जाकीट घालून आले आणि नळाला नळी जोडून उभे राहिले. गुरुजी स्वाहा म्हणाले की ते एक पाऊल पुढे. पूर्णाहुतीचा नारळ पडला, ज्वाळा जरा उंच गेली, तशी त्यांनी नळीचं तोंड उचललं. गुरुजींनी मंत्र न थांबवता डाव्या हाताने खूण केली, थांबा.