तुम्ही विचारलंत म्हणून: केम्पो म्हणजे कराटेच ना?

साताऱ्यात मुलाला क्लासला घालायला आलेले पालक पहिल्यांदा हेच विचारतात, "सर, केम्पो म्हणजे कराटेच ना? मग नाव वेगळं कशाला?" घाईत असलो की "तसंच काहीसं" म्हणून मी वेळ मारून नेतो, आणि मग ते दिवसभर मनाला लागून राहतं. आज नीट सांगतो.

केम्पो हा चिनी 'च्वानफा'चा जपानी उच्चार. अर्थ, मुठीची पद्धत. जपानच्या ओकिनावा बेटावरची जुनी कराटेवाली माणसंही हा शब्द वापरत. त्यांच्यापैकीच चोकी मोतोबूंच्या १९२६च्या पुस्तकाच्या नावात केम्पो आणि कराटे, दोन्ही शब्द शेजारी आहेत. म्हणून पाटीवर नुसतं 'केम्पो' वाचून काही कळत नाही. गाण्यासारखी यातही घराणी आहेत. हवाईमार्गे अमेरिकेत पसरलेलं वेगळं, चिलखत घालून लढायचं निप्पोन केम्पो वेगळं, आणि दोशिन सो यांनी १९४७ साली जपानातल्या तादोत्सूमध्ये सुरू केलेलं शोरिंजी केम्पो वेगळं. कुठलं ते विचाराच.

मी आधी शोतोकान कराटे शिकलो, नंतर शोरिंजी. शोतोकानमध्ये पाय लांब रोवून उभं राहायचं, हातभर अंतरावरून सरळ ठोसा मारायचा, आणि कितीतरी तास एकट्याने काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, घोटायचा. शोरिंजीत जोडीदाराशिवाय पान हलत नाही. नमस्कारसुद्धा आपल्यासारखा, हात जोडून. ठोसे-लाथांचा भाग तो गोहो. धरलेला हात सोडवणं, सांधा पिळणं, पाडणं हा जुहो. दोन्ही एकत्रच शिकायचे.

परवा नववीतल्या एका मुलीचं मनगट एका दणकट मुलाने धरलं. तिने हात मागे ओढला. सगळेच ओढतात, आणि ओढलं की पकड आवळते. मी म्हटलं, "बोटं ताणून पसर. हात तिथेच राहू दे, तू पुढे सरक. कोपर बरगडीला लागलं? आता त्याच्या अंगठ्याकडे वळव." एका बाजूला चार बोटं, दुसरीकडे अंगठा एकटाच, हात त्या फटीतून सुटला. दारात बसलेले तिचे आजोबा कराडकडचे, खाशाबा जाधवांच्या तालुक्यातले, तरुणपणी तालमीत घुमलेले. ते लगेच म्हणाले, "आमचे वस्ताद हेच सांगायचे. ओढू नको, आत शीर."

जुन्या कात्यांमध्येही पकड सोडवण्याचे हात आहेत, हे मी शोतोकानच्या बाजूने मुद्दाम सांगतो. पण बऱ्याच क्लासांत स्पर्धेच्या गुणांमागे धावताना ते उलगडून शिकवायला वेळ उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलाला स्पर्धा खेळायच्या असतील तर कराटेलाच घाला. टोकियो ऑलिम्पिकमध्येही तो खेळला गेला. मात्र फी भरण्याआधी कुठल्याही क्लासात तासभर बसा, आणि मुलं एकमेकांना धरतात का, तेवढं बघा.